फिशरीज की वन्यजीव संवर्धन? आधी पापलेट आणि व्हेल शार्कमधला फरक बघा

‘समुद्रातले मासे वाचवायचेत’ म्हणून फिशरीजला जायचं ठरवलेल्या बारावीच्या पोरांना एक विचारावंसं वाटतं: पापलेट वाचवायचंय की व्हेल शार्क? चेष्टा नाही. पुढचं शिक्षण, खातं, कायदा, सगळं त्यावर ठरतं.

पापलेट मत्स्यजीवशास्त्राकडे. मासा खाण्यासाठीच पकडायचा, हे तिथे गृहीत असतं. प्रश्न एवढाच, की किती काढला तर पुढेही मिळत राहील. त्यासाठी पहाटे मुंबईच्या ससून डॉकवर, मासळीच्या बंदरात, पट्टी घेऊन लांबी मोजायची, पोट फाडून गाबोळी कितपत भरलीय ते पाहायचं, कानातल्या बारीक खड्यावरची वलयं मोजून वय काढायचं. कपड्यांचा वास जात नाही, हे कुणी माहितीपत्रकात छापत नाही. अशाच मोजमापांवरून राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. वाट ठरलेली: रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, नंतर वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था), मग कृषी संशोधन सेवेची परीक्षा.

व्हेल शार्कही मासाच, पण २००१ पासून तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. साधी मुशी, म्हणजे छोटा शार्क, बाजारात विकता येते; हा जाळ्यात आला तर सोडायचाच. ‘किती काढायचा’ हा प्रश्नच मिटला, खातंही वन विभागाचं झालं. इथलं काम मोजण्याचं कमी, माणसांशी बोलण्याचं आणि कागद लिहिण्याचं जास्त. भर समुद्रात तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, बघणारं कोण असतं? जाळं कापलं तर नुकसान त्याचं. म्हणून २०१८ मध्ये राज्याने संरक्षित प्राणी सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठेवली. फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा. माझ्या मते शिक्षेच्या कलमापेक्षा हा निर्णय जास्त कामाचा. या बाजूला यायला प्राणिशास्त्राची पदवी, नंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतलं एमएससी किंवा वन सेवेची परीक्षा. कायदा शिकलेलेही चालतात.

दोन्ही वाटांची गाठ पडते ती कोळंबीच्या ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात. कोळंबी मत्स्य विभागाची, तिच्यासोबत अडकणारं कासव वन विभागाचं. कासव निसटावं म्हणून जाळ्यात बसवायची चौकट आहे. ती वापरात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. चौकटीतून कोळंबीही जाते, ही मच्छीमारांची तक्रार. किती जाते ते जीवशास्त्रज्ञाने मोजून द्यायचं, आणि तो आकडा घेऊन वन्यजीव संवर्धनवाल्याने मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत बसायचं.