एका डाएट चार्टमागची सत्तर वर्षं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर डिस्चार्जच्या वेळी जो कागद हातात पडतो, त्यावर फक्त नियम असतात. जेवताना पाणी पिऊ नका. घासाची पेस्ट होईपर्यंत चावा. गोड टाळा. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. बी-१२ आयुष्यभर. घरचे तो कागद फ्रिजवर चिकटवतात आणि महिन्याभरात त्यातल्या अर्ध्या ओळींवरून वाद सुरू होतात, कारण ‘का’ हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या जुन्या ऑपरेशनने, म्हणजे खरं तर त्या काळच्या पेशंटांनी, किंमत मोजून शिकवलेली आहे. ऑपरेशन करावं की नाही या विचारात असलेल्याने यशाची टक्केवारी विचारण्याआधी हा इतिहास वाचावा, असं माझं मत आहे.

सुरुवात पोट लहान करण्यापासून झालीच नव्हती. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या सर्जननी सरळ हिशेब मांडला: माणूस खायचं सोडत नाही ना, मग खाल्लेलं अंगी लागूच द्यायचं नाही. क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे कॅलिफोर्नियातल्या पेन आणि डीविंड यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत बरीच रुळली. तिच्यात वरच्या बाजूचं १४ इंच आणि शेवटचं ४ इंच आतडं एकमेकांना जोडायचे. मधलं काही मीटर आतडं पोटातच, पण वाटेवरून बाजूला. अन्नाला पचायला मिळायचं ते जेमतेम दीड फूट.

पेशंट खूश होते. पूर्वीइतकंच खाऊन वजन उतरत होतं. मग बिल यायला लागलं. दिवसाला कित्येकदा जुलाब, अंगातले क्षार उतरलेले. न पचलेली चरबी आतड्यात कॅल्शियमला धरून बसायची, त्यामुळे एरवी कॅल्शियमबरोबर बाहेर पडणारं ऑक्झॅलेट मोकळं राहून रक्तात जायचं आणि मूत्रपिंडात खडे व्हायचे. बाजूला पडलेल्या आतड्यात जंतू माजून सांधे सुजायचे. काहींचं यकृत निकामी झालं, काही दगावले. १९८०च्या सुमारास हे ऑपरेशन मागे पडलं आणि अनेकांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं. आज बारीक झालेला, टुणटुणीत दिसणारा माणूसही दरवर्षी रक्त तपासायला का बोलावला जातो, याचं मूळ इथे आहे. काटा खाली येतोय म्हणजे तब्येत चांगली आहे असं नाही, हे त्या पिढीने दाखवून दिलं.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठात सापडली. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या माणसांचं वजन काही केल्या वाढत नाही. त्यांच्या दृष्टीने ती तक्रार होती. मेसन यांना त्यात उपाय दिसला. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासोबत जठराचा फक्त वरचा तुकडा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. हाच गॅस्ट्रिक बायपास. पहिल्या रचनेत पित्त उलटं वर यायचं, म्हणून १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी आतड्याची जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी केली. ती युक्ती मुळात सेझार रू या स्विस सर्जनची, एकोणिसाव्या शतकातली. वरची पिशवीही हळूहळू लहान होत गेली; आता तिच्यात साधारण ३० मिली मावतं.

अल्सरवाल्यांकडून उपाय आला तसा एक जुना त्रासही वारशाने आला. त्याला डंपिंग म्हणतात. जठराच्या खालच्या टोकाशी एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. बायपासमध्ये ती वाटेतून वगळली जाते. मग वाटीभर श्रीखंड थेट आतड्यात जाऊन पडतं, साखर पातळ करायला अंगातलं पाणी तिकडे धावतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, दरदरून घाम येतो, पोटात कळा येतात, आडवं पडावंसं वाटतं. काहींना दोन-एक तासांनी उलट प्रकार होतो, रक्तातली साखर एकदम घसरते. ‘बरंच झालं, गोडाची सवय सुटते’ असं म्हणणारे सर्जन आहेत. मला ते फारसं पटत नाही. ज्याला हा त्रास होत नाही त्याला मग गोड मोकळं असतं, आणि तो प्रत्येकाला होतोच असं नाही. लोह आणि कॅल्शियम शोषून घेणारा आतड्याचा पहिला भागही इथे वगळला जातो, आणि बी-१२ साठी लागणारं आम्ल व जठरातलं प्रथिन अन्नाला वेळेवर भेटत नाही. गोळ्या आयुष्यभर असतात त्या यासाठी. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, म्हणून दोन्हींत दोनेक तासांचं अंतर.

मधल्या काळात जठराला पट्टा बांधण्याचे प्रकार आले. १९८६ मध्ये कुझमॅक यांनी बाहेरून घट्ट-सैल करता येणारा पट्टा आणला, तो गाजला, आणि पट्टे सरकायला, जठरात रुतायला लागल्यावर ओसरला. त्याबद्दल एवढं पुरे. पोषण न करता पोट भरल्याचा भास निर्माण करावा ही कल्पना मात्र फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसासाठी पचायला जड पण अंगी न लागणारं अन्न सांगितलेलं आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच अडतो. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ‘बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार’ हा निकष मार्च १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेत ठरला. तेव्हा पोट उघडूनच ऑपरेशन व्हायचं, धोका जास्त होता, म्हणून रेषा वर ओढली गेली. ऑपरेशनं बदलली तरी रेषा तीस वर्षं तिथेच राहिली; अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी ती २०२२ मध्ये खाली आणली. ३५ च्या वर आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा, असं आता म्हटलं जातं.

आशियाई वेगळे का, याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघे शेजारी शेजारी, दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे तोच आकडा आपल्या अंगावर दुप्पट चरबी लपवतो. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी रेषा ठरवली: ३७.५, किंवा आजार असेल तर ३२.५.

आणि इथेच गंमत सुरू होते. विमा नियामकाने २०१९ मध्ये पॉलिसीतून काय वगळता येईल याचे नियम एकसारखे केले, त्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी निकष घेतला तो १९९१ चाच: ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात नसलेला मधुमेह यांपैकी काही. पाच फूट पाच इंच उंचीच्या, ९३ किलोच्या मधुमेही बाईंचा बीएमआय ३४ च्या आसपास येतो. भारतीय निकषाने डॉक्टर त्यांना ‘हो’ म्हणू शकतात, पण विम्याच्या निकषात त्या बसत नाहीत. मग काहींच्या घरात ‘अजून थोडं वजन वाढलं तर क्लेम बसेल’ असा उफराटा विचार सुरू होतो. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

ऑपरेशनने आयुष्य वाढतं का, हे पाहायला स्वीडनमध्ये १९८७ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. कुणाचं ऑपरेशन करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला तेव्हा नैतिक समितीने परवानगी दिली नाही, इतकं ते धोक्याचं मानलं जायचं. ऑपरेशन झालेले आणि न झालेले, अशा दोन्ही गटांत दोन-दोन हजारांवर माणसं होती. २००७ मध्ये निकाल आला: ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण, वय आणि इतर गोष्टी जमेला धरून, २९ टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासातली दुसरी आकडेवारी जाहिरातींत दिसत नाही. वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली जातं आणि मग थोडं परत चढतं. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं मूळ वजनाच्या २५ टक्के कमी होतं, पट्टावाल्यांचं १४ टक्के.

खरा धक्का दिला मधुमेहाने. नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये त्यांच्या बायपास झालेल्या पेशंटांचा हिशेब मांडला. १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर ताळ्यावर आली आणि राहिली. तीही काही दिवसांत, वजन उतरायच्या आधी. म्हणजे हे नुसतं कमी खाण्याचं काम नव्हतं. पुढे १९९९ मध्ये जपानमध्ये घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. आज सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये नेमका तोच भाग, जठराच्या सुमारे पाऊण हिश्श्यासकट, कापून काढतात. स्लीव्हचा जन्मही अर्धवट थांबण्यातून झाला. अतिप्रचंड वजनाच्या पेशंटला एका दमात मोठं ऑपरेशन झेपेना, म्हणून मिशेल गॅनिए यांच्यासारख्या सर्जननी २००० च्या सुमारास ते दोन टप्प्यांत करायला घेतलं. पहिल्या टप्प्यानंतरच अनेकांचं वजन इतकं उतरलं, की दुसऱ्याची गरज पडली नाही.

आपल्याकडे हे पोचायला आधी दुर्बीण, म्हणजे पोट न उघडता लहान छिद्रांतून ऑपरेशन करायची पद्धत, यावी लागली. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते देशातलं पहिलं. दुर्बिणीतून केलेल्या बायपासची पहिली माहिती प्रसिद्ध झाली ती १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियातून. भारतातल्या या क्षेत्रातल्या सर्जनांची संघटना २००२ मध्ये उभी राहिली. सर्वसामान्य मराठी घरात मात्र हा विषय नितीन गडकरींच्या २०११ मधल्या ऑपरेशनने आला. तोपर्यंत ‘हे काय, सिनेमावाल्यांचं’ असं म्हणणाऱ्यांनीही वर्तमानपत्रातली त्याची बातमी वाचली.

आता ताटाकडे. पहिले काही दिवस ताट नसतंच; औषधाच्या बाटलीवरचं ३० मिलीचं टोपण असतं. वरणाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, टोमॅटोचं सार. एक टोपण पंधरा मिनिटांत, घोट घोट, घड्याळ बघत. एरवी ताक एका दमात पिणाऱ्या माणसाला हे भुकेपेक्षा अवघड जातं. भूक तर बहुतेकांना लागतच नाही. दोनेक आठवड्यांनी मुगाचं कढण, पातळ पिठलं, कुस्करलेलं पनीर. मग मऊ अंडं, वाफवलेला मासा. नेहमीचं जेवण यायला दीड-दोन महिने जातात, दवाखान्यागणिक थोडं पुढेमागे.

मराठी ताटाची मोठी अडचण अशी, की त्यात प्रथिनं कडेला असतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, वाटीभर वरणातून साधारण तेवढेच. वाटीही जात नसताना साठचा आकडा गाठायचा, म्हणजे पहिला घास उसळीचा किंवा पनीरचा आणि पोळी शेवटी, उरली जागा तर. प्रथिनं कमी पडली की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केसांचे पुंजके कंगव्यात येतात. ते थोडे बऱ्याच जणांचे गळतात आणि पुन्हा येतात, पण तेवढे दिवस घर हवालदिल असतं. चतुर्थीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे लहानशा पिशवीत नुसता स्टार्च. शाकाहारी घरात बी-१२ ची गोष्ट तर आणखी जुनी आहे. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास झाला, त्यात बहुसंख्य बायकांमध्ये ते आधीपासूनच कमी होतं. ऑपरेशन त्यावर भर घालतं.

मऊ पोळी आणि मोकळा भात अनेकांना अडकतात. नीट न चावता गिळलं की गोळा होतो, छातीच्या मध्यभागी दाब येतो, तोंडात लाळ सुटते. काहींना त्याआधीच उचकी लागते किंवा नाक वाहायला लागतं. ती थांबण्याची खूण असते. नेमकं त्याच क्षणी लग्नाच्या पंगतीत आत्या समोर येते: “अगं, एवढंसंच? आजारी पडशील अशाने!” आणि एक घास जास्त जातो, मग बेसिनकडे पळावं लागतं. जेवणाबरोबर पाणी नको, कारण पाण्याने घास पुढे वाहून जातो आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. अर्धा तास थांबायचं. ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची आपली रीत इथे आड येते.

वजन परत चढवणारं अन्न वेगळंच असतं. भाकरी अडकते, पण चिवडा, फरसाण, बिस्किटं तोंडात विरघळून सहज उतरतात. आइस्क्रीमला आणि साखरेच्या चहाला तर पिशवी आडकाठीच करत नाही. दोन-तीन वर्षांनी ‘मी तर काहीच खात नाही’ म्हणत परत आलेल्यांच्या दिवसाचा हिशेब घेतला, की हे चमच्या-चमच्याने सापडतं.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. बायपासनंतर आतड्यातून जीएलपी-१ हे भूक आणि साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक जास्त स्रवतं. ही औषधं बाहेरून त्याचीच नक्कल करतात. त्यामुळे ‘ऑपरेशन की इंजेक्शन’ हा प्रश्न आता ओपीडीत रोज विचारला जातो. इंजेक्शन थांबवता येतं, पण थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं. स्लीव्हमध्ये काढलेलं जठर परत बसवता येत नाही. सर्जनांनीही हे एकमेकांविरुद्ध धरलेलं नाही. ऑपरेशननंतर काही वर्षांनी वजन परत आलेल्यांना ही इंजेक्शनं दिली जातात, आणि फारच जास्त वजनाच्या पेशंटला भूल देणं सोपं जावं म्हणून ऑपरेशनच्या आधीही.