शिक्षकाचं शिकणं आणि वर्गातली साधनं : ठाणे जिल्ह्याची पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या गप्पा हल्ली दोन गोष्टींवर येऊन थांबतात. वर्गातली स्क्रीन आणि वर्षाला पूर्ण करायचं ५० तासांचं प्रशिक्षण. दोन्हींची मुळं जुनी आहेत. त्यातलं एक आपल्याच जिल्ह्यात रुजलं, याचा मला शिक्षक म्हणून अभिमान वाटतो.

२०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू तालुका ठाणे जिल्ह्यात होता. तिथे बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती, आदिवासी मुलांच्या ओळखीचीही नव्हती. त्या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पानं हाती घेतली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. प्रत्येक वेळी मुलाची अडचण आधी दिसली आणि साधन त्यानंतर शोधलं गेलं. पुढच्या सगळ्या योजना मी याच क्रमाने तपासतो.

सरकारी वाट वेगळी होती. १९८४ मध्ये पुण्यात शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम येऊ लागले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांच्या उद्बोधनाचे मोठे वर्ग भरले, पाठोपाठ शाळांना किमान साधनं पुरवणारी खडू-फळा मोहीम आली. जिल्हा पातळीवर डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, उभ्या राहिल्या. आपली बदलापूरजवळ राहटोलीला आहे. शिक्षकाला नोकरीत असतानाही शिकायला जागा हवी, हे यातून पहिल्यांदा पक्कं झालं.

सर्व शिक्षा अभियानात सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी वर्षाला २० दिवसांची तरतूद झाली. राज्याचे तज्ज्ञ जिल्ह्याला शिकवणार, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. एवढे टप्पे उतरून विषय शेवटच्या शिक्षकापर्यंत यायचा तेव्हा त्यातले प्रश्न गळून गेलेले असायचे, उरायच्या सूचना. शहापूरच्या द्विशिक्षकी शाळेतला आणि कळव्यातल्या भरगच्च वर्गाचा शिक्षक, दोघांना एकच घटकसंच, म्हणजे प्रशिक्षणाचं तयार साहित्य. तरीही याच काळात केंद्राची शिक्षण परिषद रुळली, आणि मला ती मोलाची वाटते. तिथे एखादी बाई स्वतः केलेली शब्दपट्टी दाखवते, दुसरे सर विचारतात, ‘माझ्या तिसरीला हे जमेल का?’ त्या उत्तरात शिकण्याचा जो ऐवज असतो तो कुठल्याच घटकसंचात सापडत नाही.

संगणकाशी बहुतेकांची गाठ पडली ती एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे. २००१ मध्ये आलेला हा अभ्यासक्रम पुढे शिक्षकांना बंधनकारक झाला. पन्नाशीतले गुरुजी संध्याकाळी कॉलेजच्या पोरांशेजारी बसून माउस धरायला शिकले. भीती गेली, हे त्या परीक्षेचं श्रेय निर्विवाद आहे. मात्र ती परीक्षा संगणकाची होती. संगणक घेऊन भागाकार कसा शिकवायचा, हा विषय तिच्यात नव्हताच.

तो विषय पुढे शिक्षकांनीच उघडला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत वीज भरवशाची नव्हती, म्हणून सौरऊर्जेवर प्रोजेक्टर आणि टॅब चालले. त्यासाठी गावही पुढे आलं. ती शाळा पाहायला ठिकठिकाणचे शिक्षक येऊ लागले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. दरम्यान २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, २०१७ मध्ये दीक्षा हा शिक्षणसाहित्याचा सरकारी ऑनलाइन मंच. ‘डिजिटल शाळा’ हे शब्द शाळाशाळांच्या फाटकांवर रंगवले गेले. काही ठिकाणी त्यामागे पष्टेपाड्यासारखा विचार होता. काही ठिकाणी संच आला आणि कपाटात बंद राहिला, कारण त्याची गरज कुणाला वाटली होती हेच ठरलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा फरक उघडा पडला. ठाणे, नवी मुंबईत व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास जाऊ लागला, तोही घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय अभ्यासाची मालिका लागली. रेंज नसलेल्या पाड्यांवर मात्र शिक्षक स्वतः गेले आणि ओट्यावर, झाडाखाली चार-पाच मुलं घेऊन बसले. कुरणशाळेची रीत अशी पुन्हा कामाला आली.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ५० तासांचा आकडा दिला. तिथे या तासांना स्वतःच्या आवडीची जोड आहे, हे लोक विसरतात. प्रत्यक्षात हे तास बरेचसे ऑनलाइन कोर्स आणि प्रमाणपत्रांनी भरतात. रात्री स्वयंपाक आटोपून मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवणाऱ्या बाईंचा यात दोष नाही; दिवसाचा वेळ अहवाल आणि माहिती भरण्यात जातो. राहटोलीच्या डाएटला आणि केंद्रांना माझं सांगणं आहे, या ५० तासांत एकमेकांचा वर्ग पाहायला जाण्याचे तासही धरा. मुरबाडच्या शिक्षकाला एक दिवस ऐरोलीच्या शाळेत बसू द्या, ऐरोलीच्या शिक्षिकेला एक दिवस मुरबाडला, आणि त्या दिवसांची नोंद प्रशिक्षण म्हणूनच होऊ द्या.