लागवडीत उदंड, रानात धोक्यात: इंद्रधनुषी निलगिरीची पार्श्वभूमी

आपल्याकडे निलगिरी म्हणजे सामाजिक वनीकरणातल्या सरळसोट रांगा आणि ‘पाणी पिणारं झाड’ हा शिक्का. तिची एखादी जात धोक्यात आहे म्हटलं, तर कुणी हसलं तरी नवल नाही.

ही जात म्हणजे युकॅलिप्टस डेग्लुप्टा, इंद्रधनुषी निलगिरी. तिची साल पट्ट्यापट्ट्यांनी, वेगवेगळ्या वेळी सुटते. नुकत्या उघड्या पडलेल्या जागी हिरवा रंग दिसतो. तोच पुढे निळसर, जांभळा, नारिंगी, तांबूस होत जातो. (इंटरनेटवरच्या फोटोंत हे रंग बरेचदा भडक केलेले असतात. त्याची काही गरज नाही.)

बहुतेक निलगिऱ्या ऑस्ट्रेलियाच्या. ही मात्र तिथे निसर्गतः उगवत नाही. फिलिपिन्समधलं मिंदानाव, इंडोनेशियातली सुलावेसी आणि सेराम, न्यू गिनी आणि पापुआ न्यू गिनी देशातलं न्यू ब्रिटन ही बेटं तिचं माहेर. उत्तर गोलार्धात आपणहून पोचलेली ही एकमेव निलगिरी. फिलिपिन्समध्ये तिला ‘बाग्रास’ म्हणतात, न्यू ब्रिटनमध्ये ‘कामारेरे’.

तिला बारमाही पाऊस लागतो, पण दाट सावली चालत नाही. बी अगदी बारीक. ते रुजायला मोकळी माती आणि थेट ऊन हवं. पुरानंतरचा ताजा गाळ, दरड कोसळलेला उतार, ज्वालामुखीची राख अशा जागी ती झपाट्याने वाढते आणि 60 ते 75 मीटरपर्यंत जाते. मग तिच्याच छायेत इतर झाडं वर येतात, तिची स्वतःची रोपं मात्र नाहीत. नदीने पुन्हा काठ मोडला, की नवी पिढी. ऑस्ट्रेलियातल्या अनेक बहिणी वणव्यानंतर बुंध्यातून फुटतात. हिला आग सोसत नाही.

नेमकी हीच नदीकाठची सपाट, सुपीक जमीन माणसालाही हवी होती. लाकूड ओढून न्यायला सोपी, शेतीला उत्तम. न्यू ब्रिटनमध्ये 1960च्या दशकाअखेरीस पाम तेलाचे मळे आले. पापुआ न्यू गिनीच्या लाकूड व्यवसायातला भ्रष्टाचार इतका माजला, की 1987 ते 1989 दरम्यान न्यायमूर्ती बार्नेट यांच्या आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. त्याच काळात हे झाड रानाबाहेर, लागवडीत पसरतही होतं: मिंदानावातच बिसलिगला कागदाच्या लगद्यासाठी, कोस्टा रिकात कॉफीच्या सावलीसाठी, हवाईत शोभेसाठी.

2019 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने निलगिरीकुळातल्या 826 जातींचा आढावा जाहीर केला. जवळपास चतुर्थांश जाती धोक्यात निघाल्या. डेग्लुप्टा ‘असुरक्षित’ गटात गेली. परदेशातल्या बागा आणि मळे या हिशेबात धरले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. लागवडीसाठी मोजक्या झाडांचं बी फिरवलं जातं. बेटाबेटावरचं वैविध्य रानातच उरतं. ते राखायचं तर जुन्या झाडांभोवती कुंपण घालून भागत नाही, कारण नवी रोपं त्या कुंपणात उगवणारच नाहीत. नदीला पात्र बदलता येईल एवढा सलग पट्टा मोकळा ठेवावा लागतो, आणि पाम तेलाच्या भावापुढे तो मिळवणं सर्वांत अवघड.