जुनी कोअॅक्सियल केबल काढून फायबर घेताना : नागपुरातील अपार्टमेंट व लेआउटसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

नागपुरातील अनेक जुन्या वस्त्यांमध्ये इंटरनेट अजूनही केबल टीव्हीच्या काळ्या कोअॅक्सियल वायरवरूनच येते. मे महिन्याच्या उन्हात तिचे आवरण तडकते, पावसाळ्यात त्या फटीतून पाणी शिरते, जोडणीच्या टोकावर हिरवट गंज चढतो, आणि खांबावरच्या अॅम्प्लिफायरची, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या डब्याची, वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद पडते. थेट घरापर्यंत आलेल्या फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलच्या, वाटेत वीज लागणारा असा डबा सहसा नसतो, म्हणून वस्तीने एकत्र येऊन बदलाची मागणी करणे रास्तच आहे. मात्र अशा मागण्यांपैकी पुष्कळशा महिनोन्महिने पडून राहतात, आणि बहुतेक वेळा त्यामागचे कारण एकच असते : रस्ता कोणाचा आणि इमारतीच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाचा, हे कागदावर दाखवता येत नाही.

प्रथम पात्रतेविषयी. रस्ता खोदण्याची किंवा खांबावरून फायबर नेण्याची परवानगी रहिवाशांना मागता येत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि त्याखालील, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काचे, नियम यांनुसार हा अर्ज प्राधिकृत दूरसंचार कंपनीनेच सरकारी पोर्टलवर करायचा असतो. तरीही रहिवासी शंभर सह्यांचे निवेदन घेऊन महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात जातात, तेथे ते आवक-जावक नोंदवहीत चढते, पोच मिळते, आणि पोच मिळाली म्हणजे अर्ज झाला अशी सर्वांची समजूत होते. त्या पोचेवर काहीही पुढे सरकत नाही. खिडकीवरच्या माणसाने हे एका वाक्यात सांगितले तर लोकांचे कितीतरी हेलपाटे वाचतील, पण ते वाक्य सहसा कोणी सांगत नाही. तुमचे निवेदन कंपनीकडे जायला हवे; मागणी किती घरांची आहे आणि आतून फायबर नेण्यास संमती आहे का, हे पाहूनच कंपनी खर्चाचा विचार करते.

काम गल्लीतला केबलवालाच करून देणार असेल, तर त्याच्याकडे इंटरनेट सेवेचा स्वतःचा परवाना आहे का, किंवा तो कोणत्या परवानाधारक कंपनीच्या वतीने काम करतो, याची प्रत आधी मागावी. केबल टीव्हीचे नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे इंटरनेटचा परवाना नव्हे, आणि नुसत्या त्या प्रमाणपत्रावर मार्गाधिकाराचा अर्ज करता येत नाही.

आता रस्त्याच्या मालकीचा प्रश्न, जो इतर शहरांपेक्षा नागपुरात अधिक गुंतागुंतीचा आहे. एकाच वस्तीत मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आतला रस्ता महानगरपालिकेचा आणि शेवटची गल्ली नागपूर सुधार प्रन्यासाच्या लेआउटमधली, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वस्तीतली, जी अद्याप महानगरपालिकेकडे हस्तांतरितच झालेली नाही, अशी स्थिती असू शकते. शहराच्या हद्दीबाहेर गेल्यास महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचाही संबंध येतो. ५७२ आणि १९०० या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या, आधी अनधिकृत असून नंतर नियमितीकरणासाठी घेतलेल्या लेआउटमधील रहिवासी अशा वेळी आपल्या भूखंडाचे नियमितीकरण पत्र, म्हणजे आरएल, आणि आखीव पत्रिका, म्हणजे भूखंडाच्या नोंदीचा सरकारी उतारा, जोडून मोकळे होतात. ही दोन्ही कागदपत्रे भूखंडाविषयी बोलतात; समोरच्या रस्त्याचा ताबा कोणाकडे आहे, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी लेआउटमधील रस्ते हस्तांतरित झाल्याचे पत्र लागते, आणि नेमके तेच कोणाकडे नसते. एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते, दुसरे पुन्हा पहिल्याकडे. तोंडी विचारपूस करण्यात दिवस घालवण्यापेक्षा माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून सर्व्हे क्रमांक व लेआउटचे नाव लिहून महानगरपालिका व सुधार प्रन्यास अशा दोन्हीकडे अर्ज द्यावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, आणि ‘आमच्या ताब्यात नाही’ असे लेखी उत्तर आले तरी तेही कंपनीच्या उपयोगाचे असते.

याच ठिकाणी एक मुदत हमखास चुकीची वाचली जाते. सार्वजनिक मालमत्तेवरील परवानगीच्या अर्जाचा निर्णय ६७ दिवसांत झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, ही तरतूद खरी आहे. पण ते दिवस कंपनीने पोर्टलवर केलेल्या रीतसर अर्जापासून धरले जातात, तुमच्या निवेदनाच्या तारखेपासून नव्हे. शिवाय खासगी लेआउटचा न सोपवलेला रस्ता आणि अपार्टमेंटचे आवार यांना ही तरतूद लागू पडत नाही. तेथे मालकाची संमतीच लागते. रस्ता सिमेंटचा असेल तर खोदकामास विरोध होणे ठरलेलेच आहे, म्हणून दोन टोकांना खड्डे घेऊन खालून आडवे छिद्र पाडण्याची पद्धत अर्जातच नमूद करण्यास कंपनीला सांगावे, आणि पावसाळा तोंडावर आलेला असताना खोदकामाची अपेक्षा ठेवू नये.

इमारतीच्या संमतीकडे वळू. नागपुरातील बहुसंख्य अपार्टमेंट सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र केलेली असतात. घोषणापत्र, ज्याला सगळे डीड ऑफ डिक्लेरेशन म्हणतात, त्याची प्रत बिल्डरकडेच राहून गेलेली असते, निवडणूक कधी झालेली नसते, आणि सचिव म्हणजे व्हॉट्सअॅप गटाचा अॅडमिन असतो. अशा सचिवाच्या सहीचे संमतिपत्र कंपनीच्या कायदा विभागातून परत येते. दस्त नोंदणीकृत असल्यामुळे त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. ती काढून, त्यातील उपविधींप्रमाणे सभा घेऊन व्यवस्थापक मंडळ नेमल्याशिवाय पुढचा कागद करू नये. सहकारी संस्था असल्यास आदर्श उपविधींनुसार विशेष सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण ५ दिवस आधी द्यावी लागते. सूचनेचा दिवस आणि सभेचा दिवस यांत मोजायचा नाही, हे विसरल्यामुळे एकमताने मंजूर झालेला ठरावही एखादा नाराज सदस्य सहज अडचणीत आणू शकतो.

ठरावाची भाषा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ‘फायबर घेण्यात यावे, सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर कोणतीही कंपनी काम सुरू करत नाही. ठरावात कंपनीचे नाव, फायबर आवारात कोठून येणार व कोणत्या डक्टमधून, म्हणजे तारा नेण्याच्या उभ्या पोकळीतून, वर जाणार, मुख्य पेटी कोठे बसणार, तिला वीज लागल्यास बिल कोण भरणार, फोडलेली भिंत व फरशी किती दिवसांत पूर्ववत होणार आणि संस्थेच्या वतीने सही कोण करणार, हे सर्व यावे. विजेच्या डक्टमधून फायबर नेण्यास मात्र नकार द्यावा. काच वीज वाहून नेत नाही हे खरे असले तरी घराकडे येणाऱ्या बऱ्याच फायबरच्या आवरणात आधारासाठी पोलादी तार असते. अन्य कंपन्यांना मज्जाव करणारी अट कंपनीने मसुद्यात घातली असेल तर ती काढून घ्यावी. गच्ची किंवा आवार कंपनीच्या नावावर जाईल अशी भीती ज्येष्ठ सदस्य हमखास व्यक्त करतात. मार्गाधिकाराने जागेची मालकी मिळत नाही, हे कायद्यातच म्हटलेले आहे, ते त्यांना शांतपणे वाचून दाखवावे.

प्रत्येक घराचा जोडणी अर्ज सोपा आहे : ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र. अडचण येते ती वीजबिल अजून आधीच्या मालकाच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर असते तेव्हा. महावितरणकडे नाव बदलण्यास वेळ लागत असेल तर विक्रीखताची किंवा मालमत्ता कराच्या पावतीची प्रत चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. भाडेकरूंनी भाडेकरारासोबत मालकाचे ना हरकत पत्र तयार ठेवावे.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी भिंतीतून आत काय आले आहे ते स्वतः पाहावे. पेचाने फिरवून बसवायचे गोल धातूचे टोक असलेली जाड वायर असेल तर ती कोअॅक्सियलच आहे, मग फायबर खांबापर्यंत आले असले तरी. खऱ्या जोडणीत सुतळीएवढी बारीक केबल येते आणि तिचे चौकोनी, बहुधा हिरव्या रंगाचे टोक ओएनटीच्या, म्हणजे फायबरवरचे नेट घरातील यंत्रांना देणाऱ्या, पेटीत शिरते. जुनी वायर केबलवाल्याची मालमत्ता असते, तेव्हा ती परस्पर कापू नये; ती काढून नेण्याचे लेखी पत्र त्याला द्यावे, मोडेम परत केल्याची पावती व अनामत रकमेची नोंद घ्यावी, आणि टीव्हीदेखील त्याच वायरवर चालणाऱ्या घरांची यादी आधी करावी, कारण ती वायर उतरली की त्या घरांतला टीव्हीही त्याच दिवशी बंद होतो.