कुत्रा बकाबका खातोय, पण भुकेपोटी की तुमच्या धाकापोटी?

शेल्टरमधून कुत्रा घरी आणला की आठवड्याभरात जेवणावरून फोन येतो. "फार अधाशी आहे हो, मिनिटात भांडं साफ करतो. जवळ गेलं तर गुरगुरतो पण. पोटभर मिळायला लागलं की होईल ना शांत?" या दोन-तीन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. अधाशीपणा वेगळा आणि अन्न राखणं वेगळं. ठाण्यात दत्तक गेलेल्या कुत्र्यांच्या घरी मी काही वर्षं जाते-येते आणि दर वेळी हीच गल्लत पाहते. तिच्यापायी चांगली कुत्री शेल्टरला परत जातात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

अधाशी कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. न चावता गिळतो, रिकामं भांडं चाटत फरशीभर फिरवतो आणि तुमच्या ताटाकडे बघत बसतो. लॅब्रॅडॉर पाळलेल्यांना तर हे सांगायलाच नको. अनेक लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक वाढते, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. शेल्टरमधल्या देशी कुत्र्याचं कारण बहुधा साधं असतं: पोटात जंत, अंगावर मांस नाही आणि शेजारी दहा तोंडं. जंताचं औषध द्या, दिवसाचं खाणं तीन वेळांत वाटा, सावकाश खावं लागेल असं कप्प्याकप्प्यांचं भांडं आणा. खूप खाऊनही वजन वाढत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. यापलीकडे अधाशीपणात फारसं काही नाही.

राखणं म्हणजे "हे माझ्याकडून कोणीतरी काढून घेणार" ही भीती. पोट भरल्याने ती जात नाही. भरल्या पोटी हाड राखणारी, एका बिस्किटावर तासभर पहुडलेली कुत्री मी पाहिली आहेत. जात, वय, नर-मादी यांवर वाद घालण्यात वेळ दवडू नका. कोणताही कुत्रा राखू शकतो. शेल्टरमध्ये राखणारा घरी राखेलच असंही नाही.

खरी फसगत होते ती वेगात. राखणारा कुत्राही भराभरच खातो आणि बघणाऱ्याला ती भूक वाटते. म्हणून प्रश्न असा विचारायचा की तो किती वेगाने खातो यापेक्षा, तुम्ही जवळ आल्यावर त्याचा वेग बदलतो का?

हे डोळ्यांनी पकडणं अवघड, कारण तुम्ही बघायला उभे असता तेव्हा तुम्हीच कारण असता. मोबाइल स्टुलावर लावा, दार ओढून घ्या आणि त्याला एकटं जेवू द्या. दुसऱ्या जेवणाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला गुपचूप बसा. तिसऱ्या वेळी तेवढ्याच लांबून एकदा चालत जा. याहून जवळ जाऊ नका, हात तर मुळीच पुढे करू नका. पहिले आठ-दहा दिवस सोडून द्या, तेव्हा बिचाऱ्याला जागाच नवी असते. मग तिन्ही चित्रणं शेजारी ठेवून बघा.

अधाशी कुत्रा तिन्हींत सारखाच दिसेल. अंग सैल, शेपटी हलती, मध्येच मान वर करून "अजून आहे का?" म्हणून तुमच्याकडे येईलसुद्धा. राखणारा एकटा असताना बऱ्यापैकी शांत खातो. तुम्ही चालू लागलात की त्याचं तोंड भांड्यात आणखी खोल जातं, घास मोठे होतात, पाठ लाकडासारखी ताठ होते. कधी उलट घडतं: चावणं अचानक थांबतं आणि कुत्रा थिजतो. डोळा तिरका होऊन पांढरं दिसतं. अंग असं फिरवतो की भांडं आणि तुम्ही यांच्यामध्ये तो स्वतः येईल. गुरगुर यानंतरची पायरी आहे. ती ऐकू येते म्हणून लोक तिथून मोजायला लागतात, पण त्याआधी बरंच काही सांगून झालेलं असतं. काही कुत्री दोन्ही असतात, अधाशीही आणि राखणारीही. अशा वेळी आधी राखण्याकडे बघायचं.

हा फरक करायलाच हवा, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. वर्तकनगरच्या एका घरात ही चूक माझ्याच हातून झाली. मला आलेल्या व्हिडिओत घरातलं माणूस समोर उभं होतं, मी फक्त वेग बघितला आणि कप्प्यांचं भांडं सुचवलं. मिनिटाचं जेवण दहा मिनिटांवर गेलं, म्हणजे त्या कुत्र्याला दहा मिनिटं पहारा द्यावा लागला. तोही बोळाएवढ्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि ओट्याच्या मधल्या जागेत, जिथून घरातले सगळे ये-जा करतात. पाचव्या दिवशी केर काढणाऱ्या मावशींचा झाडू भांड्याजवळ आला आणि त्याने झाडू धरला. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला झाडू म्हणजे काय, याचा विचार मी आधी करायला हवा होता.

आणि जो सल्ला ऐकला की माझं डोकं उठतं, तो हा: "जेवताना भांड्यात हात घाल, मध्येच भांडं उचल, मालक कोण ते कळू दे." भरल्या ताटावरून कोणाला उठवू नये हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात. कुत्र्याच्या तोंडचा घास काढून घेऊन त्याला कळतं ते इतकंच, की त्याची भीती खरी होती. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रे पाळणाऱ्यांना विचारून हेच पाहिलं: जेवताना भांडं काढून घेतलं जाणाऱ्या कुत्र्यांत राखणं जास्त तीव्र होतं, आणि जेवताना भांड्यात काही चविष्ट टाकलं जाणाऱ्यांत कमी. यात दादागिरी शोधू नका. ज्यांच्या नावाने 'अल्फा'चा, म्हणजे कळपावर हुकूम गाजवणाऱ्या म्होरक्याचा, दाखला देतात त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि पिल्लांचं कुटुंब असतं.

पंगत आठवा. वाढपी जवळ आला की कोणी पान झाकत नाही, कारण तो वाढायला आलेला असतो. कुत्र्याच्या मनात तुमची ती जागा तयार करायची. तो सैल अंगाने खात राहील इतक्या लांबून जा, बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा किंवा कलेजीचा तुकडा भांड्याकडे टाका आणि लगेच निघून जा. निघून जाणं विसरू नका, तिथे रेंगाळलात तर तुकड्याची किंमत जाते. रोज दोन-चार फेऱ्या. तुम्हाला बघून तो मान वर करून सैल अंगाने वाट बघायला लागला, की पुढच्या दिवशी एक पाऊल पुढे. ताठरला, तर दोन पावलं मागे. चप्पल, हाड असं काही पळवलं तर ओढाओढी न करता त्याहून चांगली वस्तू लांब टाका आणि अदलाबदल करा.

गुरगुरला म्हणून ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर पुढे सूचना न देता चावणारा कुत्रा घरात राहतो. लहान मुलं या कामात अजिबात नकोत. जेवताना मध्ये बंद दार किंवा आडवी जाळी हवी. अचानक राखायला लागला असेल तर दात, कान, पोट दुखतंय का ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. त्यानंतर घरच्या घरी प्रयोग नकोत. मारझोड न करता शिकवणारा वर्तनतज्ज्ञ गाठा.

वर्तकनगरच्या त्या कुत्र्याचं भांडं आम्ही आतल्या खोलीत, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात हलवलं. साधं, सपाट भांडं. मावशी आता त्याचं जेवण उरकल्यावर त्या खोलीचा केर काढतात. कलेजी टाकायचं काम घरातल्या आजींनी घेतलं. दीड महिन्याने त्यांनी व्हिडिओ पाठवला: त्या दारात आल्या, आणि भांड्यात भात शिल्लक असताना तो मान वर करून शेपटी हलवत त्यांच्याकडे बघत होता.