शेपूट धरून शब्द शोधताना

दिवाळीच्या सुट्टीत राजारामपुरीतल्या आमच्या घरी स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांचे ठोकळे जुळवून इंग्रजी शब्द करायच्या खेळाचा, डाव रंगला होता. भाचीपुढे सात ठोकळे होते: एन, पी, जी, एल, आय, ए, वाय. बराच वेळ ती नुसती अक्षरं इकडची तिकडं करत बसली. "मामा, काहीच जुळंना बघा." मी म्हटलं, आय-एन-जी उचल आणि उजव्या कडेला ठेव. उरलेल्या चारांवर तिनं दोनदा बोट फिरवलं आणि ओरडलीच, "प्लेइंग!" सातही ठोकळे एका खेपेत लागले की ५० गुण वरचे.

यात गणित आहे. सात वेगवेगळी अक्षरं ५०४० प्रकारे मांडता येतात, चार मात्र फक्त २४ प्रकारे. शेपूट वेगळी काढली की चोवीसच मांडण्या तपासायच्या राहतात.

पण शेपूट आधी दिसायला तर हवी! इथे मेंदूची मोठी गंमत आहे. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली एका प्रयोगाची हकिकत मांडली. कादंबरीच्या चार पानांत, म्हणजे साधारण २००० शब्दांत, 'आयएनजी'ने संपणारे सात अक्षरी शब्द किती सापडतील, असं त्यांनी काही जणांना विचारलं. अंदाजांचा मध्यक आला १३.४. दुसऱ्यांना विचारलं, सहावं अक्षर 'एन' असलेले सात अक्षरी शब्द किती? उत्तर ४.७. आता 'आयएनजी'वाल्या प्रत्येक सात अक्षरी शब्दात सहावं अक्षर 'एन'च असतं. म्हणजे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असूच शकत नाही.

हाच प्रश्न मी घरात मराठीतून विचारून पाहिला. 'पूर'ने संपणारे शब्द सांगा म्हटल्यावर कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर, नागपूर अशी रांगच लागली. मग विचारलं, शेवटून दुसरं अक्षर 'पू' असलेले शब्द सांगा. सगळे गप्प. खरं तर मघाची सगळी गावं इथे चालली असती, शिवाय कापूस आणि अपूर्वही.

'पूर' म्हणजे नगर. त्याला अर्थ आहे, म्हणून तो तुकडा आठवणीत सबंध राहतो आणि ओढला की गावं मागोमाग येतात. 'शेवटून दुसरा पू' याला अर्थ नाही, त्यामुळे त्याला धरून काही ओढता येत नाही. इंग्रजीत 'जीआरवाय'ने संपणारे शब्द विचारा. रोजच्या वापरातले दोनच, अँग्री आणि हंग्री, आणि तेवढे आठवतानाही घाम फुटतो. कारण तिथे प्रत्यय आहे तो नुसता 'वाय'. 'जीआर' हे 'अँगर', 'हंगर' या मूळ शब्दांतून आलेलं.

म्हणून खेळणाऱ्यानं अर्थ असलेल्या शेपट्या पाठ कराव्यात. त्यातही 'ईआर' मला सर्वांत लाडकी, कारण इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० ठोकळ्यांत 'ई' १२ आणि 'आर' ६ असतात. 'एस' मात्र चारच. तो हाती आला की भाची आता लगेच खर्च करत नाही, कोपऱ्यात दडवून ठेवते.