नातवंडांची भेट किंवा ताबा: आजी-आजोबांनी अर्ज कुठे आणि कसा करायचा?

मुलगा गेला, सून नातवाला घेऊन माहेरी गेली आणि हळूहळू फोन उचलेनाशी झाली. किंवा मुलगी गेली, जावयाने दुसरा संसार मांडला आणि नात दिसेनाशी झाली. वकिलासमोर बसल्यावर आजी-आजोबांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आमचं नातवंड आम्हाला मिळवून द्या." इथे जरा थांबा. नातवंड अधूनमधून भेटायला हवंय, की सांभाळायला? अर्ज काय मागतो हे यावरच ठरतं.

आजी-आजोबांच्या हक्काचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अर्ज होतो तो पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली. कलम ८ नुसार कुठल्याही नातेवाइकाला अर्ज करता येतो, मग आजोळ असो की वडिलांकडचं घर. पण कलम १९ आडवं येतं: आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाला ते अपात्र वाटत नसतील, तर पालक म्हणून दुसऱ्याची नेमणूक होत नाही. "सुनेला जमत नाही" एवढ्याने भागत नाही. म्हणून आई किंवा वडील धडधाकट असताना रागाच्या भरात ताबा मागू नका, भेट मागा.

दोघेही नसतील तर गोष्ट वेगळी. कोरोनात आईवडील गमावलेल्या अहमदाबादच्या एका मुलाचा ताबा गुजरात उच्च न्यायालयाने मावशीला दिला होता. आजोबा ७१ वर्षांचे, आजी ६३ वर्षांची. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलगा या आजी-आजोबांकडेच दिला आणि मावशीला भेटीची मुभा ठेवली. वय झालं म्हणून दावा आपोआप बाद होत नाही.

अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात द्यायचा. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. तुम्ही साताऱ्यात आणि नातू नाशिकला, तर फेऱ्या नाशिकच्याच.

सोबत नातवंडाचा जन्मदाखला, गेलेल्या आईचा किंवा वडिलांचा मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारं रेशनकार्ड किंवा तुमच्या मुलाचा-मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि घटस्फोट झाला असल्यास हुकूमनाम्याची प्रत जोडा. ताबा हवा असेल तर पेन्शनचं पासबुक आणि तब्येतीचा दाखलाही लागेल. पालकत्व स्वीकारायला तयार असल्याचं लेखी निवेदन तुमच्या सहीचं आणि दोन साक्षीदारांचं असावं लागतं. फोटोंचा गठ्ठा सगळेच आणतात. पण शाळेच्या डायरीत 'पालकांची सही' या रकान्यात आजोबांची सही असेल, तर ते पान आधी जपून ठेवा. मूल तुमच्या हाताखाली वाढलं, हे ते पान सांगतं.

मुख्य अर्ज रेंगाळतो, म्हणून कलम १२ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या व्यवस्थेचा, अर्जही लगेच द्या. "भेटू द्यावे" असं मोघम लिहू नका. दुसरा-चौथा शनिवार, किती वाजता, कुठे, दिवाळीचे किती दिवस, व्हिडिओ कॉल कधी, हे सगळं लिहा. कोर्टाचे समुपदेशक दोन्ही बाजूंशी आणि मुलाशी बोलतात. सुरुवातीच्या भेटी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत ठरू शकतात. तिथे "आई आमच्याबद्दल काय म्हणते?" हा प्रश्न चुकूनही विचारू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्जदार म्हणून आजीचं नाव पुढे ठेवलेलं बरं.